गुंठ्याला पाचशे रुपये

जगभरच्या समुद्राची पातळी एका मिलिमीटरने वाढायची तर किती पाणी लागेल? पृथ्वीवरच्या महासागरांचे क्षेत्रफळ सुमारे ३६ कोटी १० लाख चौरस किलोमीटर. त्यावर एक मिलिमीटर जाडीचा थर पसरायचा म्हणजे ३६१ घनकिलोमीटर पाणी हवे. कोयनेचा शिवसागर जलाशय काठोकाठ भरला की त्यात १०५ टीएमसी, म्हणजे जेमतेम तीन घनकिलोमीटर पाणी मावते. एका मिलिमीटरला अशा १२० कोयना लागतील. आणि २०१४ ते २०२३ या दहा वर्षांत उपग्रहांनी मोजलेली वाढ आहे वर्षाला ४.७७ मिलिमीटर. दरसाल पावणेसहाशे कोयना. रोजच्या हिशेबात दीड कोयनेहून जास्त, एकही दिवस खाडा नाही. यातला काही भाग वितळलेल्या बर्फाचा, काही भाग उष्णतेने फुगलेल्या पाण्याचा. १९९३ ते २००२ या काळात हीच वाढ वर्षाला २.१ मिलिमीटर होती, म्हणजे वेग दुपटीहून जास्त झाला आहे.

किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला हे मिलिमीटर डोळ्यांनी दिसत नाहीत. त्याच्या दारात येते ते वादळ. अरबी समुद्र एके काळी वादळांच्या बाबतीत बंगालच्या उपसागरापेक्षा शांत मानला जाई. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली, अतितीव्र वादळांची १५० टक्क्यांनी. त्याच काळात बंगालच्या उपसागरातली वादळे ८ टक्क्यांनी कमी झाली. एकट्या २०१९ मध्ये अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे उठली: वायू, हिका, क्यार, महा, पवन. १९०२ च्या विक्रमाशी बरोबरी झाली.

तरी आधी उपसागराकडेच बघायला हवे, कारण वादळाने माणूस किती मारला जाऊ शकतो आणि किती वाचवला जाऊ शकतो, हे दोन्ही तिथे दिसते. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री आजच्या बांगलादेशातल्या भोला बेटावर आणि आसपासच्या गाळाच्या बेटांवर समुद्र चालून आला. मृतांचा अंदाज तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत. कमी-जास्त अंदाजांत दोन लाखांचा फरक आहे, म्हणजे एका मोठ्या शहराएवढी माणसे ‘असतील किंवा नसतील’ या रकान्यात राहिली. घरेच्या घरे गेल्यामुळे गेलेल्यांची नावे सांगायलाही कोणी उरले नव्हते. १९९१ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशातच आणखी एक वादळ आले, सुमारे १ लाख ३८ हजार माणसे गेली. २००७ च्या सिद्रमध्ये सुमारे ३,४००. २०२० च्या मे महिन्यात अम्फान आले तेव्हा बांगलादेशात २६. अम्फानचा केंद्रबिंदू पश्चिम बंगालच्या बाजूने आत शिरला आणि किनाऱ्याला लागताना त्याचा जोर बराच उतरला होता, हे खरे. पण मधल्या पन्नास वर्षांत तिथली लोकसंख्या दुपटीच्या वर गेली होती, हेही तितकेच खरे.

मृतांचे आकडे एवढे खाली कसे आले? त्यात चमत्कार काही नाही. भोलानंतर उभ्या राहिलेल्या चक्रीवादळ सज्जता कार्यक्रमात आज ७६ हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत. त्यांतल्या जवळपास निम्म्या बायका. हातात कर्णा, खांबावर इशाऱ्याचे निशाण, पावसात दारोदार हाका. पूर्वी परक्या पुरुषाच्या हाकेवर न निघणाऱ्या बायका शेजारच्या बाईच्या हाकेवर निघू लागल्या. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्याच वर्षी राज्याने आपत्ती व्यवस्थापनाची स्वतंत्र यंत्रणा उभी केली आणि २०१९ मध्ये फनी आले तेव्हा सुमारे १२ लाख लोक आधीच हलवले होते. मृत ६४. अम्फानच्या वेळी भारत आणि बांगलादेश मिळून ४९ लाख माणसे घराबाहेर पडली, बहुतेक जण वादळापूर्वीच, आणि तेही करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत. एवढी माणसे काही दिवसांत हलवणे हे या शतकातले फार मोठे मानवी काम आहे. त्याची म्हणावी तशी कदर झालेली नाही.

इथपर्यंतचा हिशेब छाती फुगवणारा आहे. पुढचा नाही.

जागतिक हवामान संघटनेने १९७० ते २०१९ या पन्नास वर्षांतल्या हवामान आपत्तींची मोजदाद केली. सत्तरच्या दशकात अशा आपत्तींत वर्षाला सरासरी पन्नास हजारांहून अधिक माणसे जात. २०१० नंतरच्या दशकात वीस हजारांहून कमी. पण सत्तरच्या दशकात रोजचे सरासरी आर्थिक नुकसान होते ४ कोटी ९० लाख डॉलर, आणि २०१० नंतरच्या दशकात ते झाले ३८ कोटी ३० लाख डॉलर. सुमारे आठ पट. माणसे वाचली, त्यांच्यामागचे सारे काही गेले. अम्फानमध्ये एकट्या भारताचे नुकसान सुमारे १,४०० कोटी डॉलर धरले गेले, रुपयांत लाख कोटींच्या आसपास.

यातून एक विपरीत गोष्ट घडते. आपल्याकडे आपत्तीचा आकार मृतांच्या संख्येवरून ठरतो. मृत जितके कमी, तितकी बातमी छोटी, तितकी मदतीची निकड कमी. ज्या समाजाने शहाणपणाने जीव वाचवले, त्याचे नुकसान नजरेआड होते. याचे उदाहरण शोधायला बांगलादेशात जायला नको. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, मंडणगड, दापोली इथे जावे.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, मधूनच १३०. लाखभर माणसे आधी हलवली होती. राज्यातल्या मृतांची संख्या एक आकडी राहिली. ‘मुंबई वाचली’ अशी बातमी झाली आणि दोन-चार दिवसांत देशाचे लक्ष पुन्हा करोनाकडे वळले.

१२० किलोमीटरचा वारा म्हणजे काय, हे भौतिकशास्त्राच्या साध्या सूत्राने काढता येते. असा वारा समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर जवळपास ७० किलोचा दाब टाकतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणून ६० च्या वाऱ्यात डोलणारी पोफळ १२० च्या वाऱ्यात मोडते. आता घराकडे बघा. मंगळुरी कौलांचे वजन चौरस मीटरला चाळीस किलोच्या आत-बाहेर असते. छपराच्या उतारानुसार आकडा कमी-जास्त होईल, पण कौलांच्या स्वतःच्या वजनाहून वाऱ्याचा जोर मोठा, एवढे यातून कळते. कौले का उडाली याचे उत्तर एवढेच आहे. पत्रे तर कागदासारखे गेले.

आणि तारीख लक्षात घ्या. ३ जून. मृग चार-पाच दिवसांवर. किनारी रायगड-रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणे नित्याचे. साठ चौरस मीटरचे साधे घर धरले, तरी त्यावर हंगामात १ लाख ८० हजार लीटर पाणी कोसळते. दहा हजार लीटरचे अठरा टँकर. घरावर छप्पर असते तेव्हा हे पाणी पागोळ्यांनी परसात जाते; छप्पर नसते तेव्हा ते धान्याच्या कणगीत, अंथरुणात, मुलांच्या दप्तरात जाते. बाजारात पत्रा मिळेना, टाळेबंदीत सुतार मिळेना, खांब पडल्याने आठवडेच्या आठवडे वीज नाही. लोकांनी ताडपत्र्या बांधून जून काढला.

पण घर पुन्हा बांधता येते. कोकणातल्या माणसाचे खरे भांडवल घरामागे उभे असते.

नारळ-सुपारीच्या वाडीची रचना ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला तिची किंमत सांगावी लागत नाही. वरच्या मजल्यावर नारळ, खाली पोफळी, पोफळीवर मिरवेल, सावलीत जायफळ, केळ, अळू. शास्त्रीय अंतराने लावली तर हेक्टरी १७७ नारळ किंवा १,३७१ पोफळी बसतात. जुन्या वाड्यांत दोन्ही मिसळलेली आणि याहून दाट. नारळ धरायला सहा-सात वर्षे, पूर्ण भरात यायला दहा-बारा. एकदा धरला की साठ वर्षे आणि त्याहूनही जास्त. आजोबांनी लावावे, नातवाने पाडावे, असे हे पीक. ते एका दुपारी आडवे झाले. उरलेल्या पोफळींवरची नारळाची सावली गेल्याने त्यांची खोडे उन्हाने करपू लागली. पडलेली माडाची खोडे वेळीच बाहेर काढली नाहीत तर ती कुजतात आणि त्यात गेंड्या भुंगा वाढतो, तो मग उभ्या माडांचा शेंडा पोखरतो. म्हणजे वाडी एका दिवसात पडते आणि पुढची तीन-चार वर्षे पडतच राहते.

आता भरपाई. बहुवार्षिक फळबागांसाठी जुना दर होता हेक्टरी १८ हजार रुपये. निसर्गनंतर राज्य सरकारने तो ५० हजारांवर नेला, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. वाढ जवळपास तिप्पट, आणि ती केली याचे श्रेय द्यायलाच हवे. पण किनारपट्टीची वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यात असते. साधारण शंभर गुंठ्यांचा एक हेक्टर. तेव्हा ५० हजारांचा अर्थ गुंठ्याला ५०० रुपये. पाच गुंठ्यांच्या वाडीला अडीच हजार, दहा गुंठ्यांना पाच हजार. एका गुंठ्यात तेरा-चौदा पोफळी. एका पोफळीला ३६ रुपये पन्नास पैसे. पडलेले झाड तोडून बाजूला काढायची मजुरीही यात निघत नाही.

ओरड झाली, आणि मग झाडामागे दर ठरला: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५० रुपये. २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळानंतरही हेच दर लागू केले. यात गंमत अशी की, १७७ नारळांना २५० ने गुणले तर हेक्टरी ४४ हजार २५० येतात, म्हणजे निव्वळ नारळाच्या विरळ बागेला नवा दर जुन्या ५० हजारांपेक्षाही कमी पडतो. आणि एक नारळ म्हणजे काय? आपल्या उंच जातीचे चांगले झाड वर्षाला ८० फळे देते. बागेत दहा रुपये भाव धरा. २५० रुपये म्हणजे २५ नारळ. ते झाड चार महिन्यांच्या आत एवढे देत होते. नवे झाड धरायला सात वर्षे धरली, तर त्या थांबण्याचेच ५,६०० रुपये होतात. खड्डा, रोप, खत, पाणी आणि पूर्ण भरात येईपर्यंतची तूट त्याहून वेगळी. झाडाच्या साठ वर्षांना चार महिन्यांची किंमत मिळाली.

माझ्या मते इथे मोजपट्टीच चुकली आहे. शेतातले भात गेले तर एका हंगामाचे नुकसान, आणि हेक्टर हे त्याचे योग्य माप. वाडी गेली तर गेलेली गोष्ट आहे वर्षे. मोजायची असेल तर ती झाडे आणि वर्षे यांच्या गुणाकारात मोजावी. शंभर हेक्टर पोफळीच्या गावात सगळी झाडे पडली असे धरू. १ लाख ३७ हजार झाडे, प्रत्येकी सात वर्षे: साडेनऊ लाखांहून अधिक झाडवर्षे. एका गावाची, एका दुपारची. हा आकडा कुठल्याही पंचनाम्यात नसतो, कारण पंचनाम्यात तसा रकानाच नसतो.

रकान्यात न बसणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत. सातबारावर पाच भावांची, त्यांच्या मुलांची, लग्न होऊन गेलेल्या आत्यांची नावे. एक जण गावात राहून वाडी शिंपतो, बाकीचे मुंबई, पुणे, बडोद्यात. मदत मिळवायची तर सहहिस्सेदारांची संमती हवी. पडलेल्या वाडीत उभा असलेला माणूस तेव्हा तीस वर्षे न भेटलेल्या चुलतभावाचा पत्ता शोधत असतो. मच्छीमारांचे दुःख आणखी निराळे. तौक्तेनंतरच्या मदतीत पूर्ण गेलेल्या होडीला २५ हजार आणि जाळ्यांना ५ हजार असा दर होता. यंत्रासह होडी लाखांच्या घरात जाते. त्यात १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारी बंदी, आणि आता ऑक्टोबर-नोव्हेंबरातही वादळाच्या इशाऱ्यांमुळे होड्या बंदरात. ऐन हंगामात न गेलेल्या फेऱ्यांचा पंचनामा होत नाही. तौक्तेतच मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात पी-३०५ हा कामगारांच्या निवासाचा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती, १८६ वाचली. समुद्रावर पोट असणाऱ्यांना किनारी गावातला इशारा पुरत नाही.

मग लोक तगतात कशावर? कोकणचा विमा आजवर एकच होता: मुंबई. गावात काही झाले की मुंबईचा मुलगा पैसे पाठवी, दोन महिने येऊन राही. २०२० च्या जूनमध्ये तो विमाच बुडालेला होता. गिरगाव-परळ-नालासोपाऱ्याचे चाकरमानी काम नसल्याने गावी परतलेले, आणि ज्या घराच्या आधाराला आले त्याचेच छप्पर उडालेले. दिवेआगर, हरिहरेश्वर, केळशी इथल्या घरगुती खानावळी आणि पर्यटकांच्या खोल्या हा गेल्या दोन-अडीच दशकांत उभा केलेला दुसरा आधार; तोही टाळेबंदीने बंद. वाडी, मुंबई आणि पर्यटक हे तिन्ही आधार एकाच वेळी निखळले, तरी माणसे गाव सोडून गेली नाहीत. गावकीने रस्ते मोकळे केले, ज्याच्याकडे लाकूड कापायचे यंत्र त्याच्याकडे आठवडाभर रांग. रोजगार हमीतून पुन्हा लागवडीची योजना आली, रोपे लागली. अलिबागेत वीजवाहिन्या जमिनीखालून नेण्याचे काम जागतिक बँकेच्या मदतीच्या प्रकल्पातून हाती घेतले गेले. खाऱ्या पाण्याने बिघडलेल्या शेतांसाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-१, २, ३ या भाताच्या जाती आधीपासून हाताशी आहेत. बांध फुटून एकदा समुद्र शेतात आला की मीठ धुऊन जायला काही पावसाळे जातात. सुंदरबनात २००९ च्या आयला वादळानंतर लोकांनी दोन-तीन वर्षे बंधाऱ्यांवर झोपड्या घालून काढली.

आणि जिथे जुळवून घेण्याची सीमा संपते तिथे गावच उठते. ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातल्या सातभाया गावसमूहाची एकेक वाडी समुद्राने घेतली. शेवटी २०१८ मध्ये साडेपाचशेहून अधिक कुटुंबांना बागपतिया इथे नेऊन वसवले. शेत गेले, देऊळ हलवावे लागले. त्याचा दर हेक्टरी किती लावणार?

जगाने यासाठी काय ठेवले आहे? २०२३ च्या अखेरीस दुबईच्या हवामान परिषदेत हानी आणि नुकसानीसाठीचा निधी सुरू झाला. श्रीमंत देशांनी तेव्हा जाहीर केलेली रक्कम सुमारे ७० कोटी डॉलर. ऐकायला मोठी. पण वर सांगितलेले रोजचे नुकसान ३८ कोटी ३० लाख डॉलर. म्हणजे सगळ्या जगाचा निधी दोन दिवसही पुरणार नाही. एका अम्फानचे नुकसान या निधीच्या वीस पट होते. ज्यांनी समुद्र तापवला त्यांची ही देणगी, आणि श्रीवर्धनच्या पोफळीला पन्नास रुपये, या दोन रकमा एकाच वृत्तीतून आल्या आहेत: पडलेल्याला काहीतरी द्यावे, पडलेले काय होते ते विचारू नये.

विचारण्याची रीत अवघड नाही. नारळ विकास मंडळाच्या झाड-विमा योजनेत सोळा ते साठ वर्षांच्या माडाला १,७५० रुपयांचे संरक्षण ठरवले होते, वार्षिक हप्ता १४ रुपये. निम्मा हप्ता मंडळाचा, पाव राज्याचा, पाव शेतकऱ्याचा: झाडामागे वर्षाला साडेतीन रुपये. सरकारी मदतीच्या सात पट रक्कम. वयानुसार झाडाची किंमत वेगळी, हे तत्त्व तिथे मान्य केलेले आहे. तेच तत्त्व मदतीच्या निकषांत आणावे, पोफळ, आंबा, जायफळ यांना लावावे, आणि रक्कम एका धनादेशात न देता झाड धरेपर्यंतच्या वर्षांत वाटून द्यावी. हे करायला नवा शोध लागत नाही. लागते ती झाडांची आधी केलेली नोंद, कारण पडल्यानंतर मोजलेल्या झाडांवर कायम वाद होतो.

म्हणून ज्यांच्या नावावर कोकणात दोन गुंठे तरी आहेत, त्या मुंबई-पुण्याच्या वाचकांना एक विनंती. येत्या मे महिन्याआधी गावी जाऊन वाडीतली झाडे जातीनुसार आणि वयानुसार मोजा, ई-पीक पाहणीत त्यांची नोंद करा, फोटो काढून ठेवा. आणि गावात राहून ती वाडी जो शिंपतो, त्या भावाच्या किंवा वहिनीच्या नावे मदत स्वीकारण्याचे संमतिपत्र आजच सही करून द्या.